दोन खाचांची पट्टी

१

“काकू, वर येता का जरा? आत्ताच या.”

फोनवर निशिगंधाचा आवाज असा काही आला, की विजयश्री कर्णिकांनी फोडणीखालचा गॅस बंद केला आणि पदर खोचलेला तसाच ठेवून जिना चढल्या. रविवारची सकाळ होती. चिखलीतल्या त्या इमारतीत रविवारी सकाळी कुणी कुणाला घाईनं हाक मारत नसे. आठवडाभर शिफ्ट करून दमलेली माणसं जरा उशिरापर्यंत लोळत असत.

वर जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरलेली होती. लॅपटॉप पालथा पडला होता, पोटाचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं. बारके स्क्रू स्टीलच्या वाटीत. आणि निशिगंधाच्या तळहातावर च्युइंगगमच्या कांडीएवढी एक हिरवट पट्टी.

हार्डडिस्कच्या जागी बसवायच्या ह्या वस्तूचं खरं नाव एसएसडी, पण सगळे तिला पट्टीच म्हणायचे. गेले पंधरा दिवस इमारतीत त्या पट्टीशिवाय विषय नव्हता. निशिगंधाच्या लॅपटॉपमधली जुनी हार्डडिस्क इतकी मंद झाली होती, की एखाद्या डायचं, म्हणजे साच्याचं, मॉडेल उघडायला टाकावं, कणीक मळून यावं, तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचं. चाकणच्या एका टूल डिझाइन ऑफिसनं तिला परीक्षेसाठी एक काम दिलं होतं. ते मंगळवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचं. जमलं तर नोकरी. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं आधीची नोकरी सोडली होती; त्यानंतर आलेली ही पहिलीच संधी.

“लॅपटॉपला दिसतच नाहीये,” निशिगंधा म्हणाली. “तीन वेळा काढून बसवली. मला वाटलं माझंच चुकतंय. मग नीट बघितलं. काकू, माझ्या पट्टीवर निळं स्टिकर होतं.”

विजयश्रींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. पट्टीवर स्टिकर नव्हतं. कुणीतरी ते नखानं खरवडून काढलं होतं. डिंकाचा चिकटपणा अजून बोटाला लागत होता.

“ही माझी नाही,” निशिगंधा म्हणाली. “कुणीतरी बदलली.”

२

विजयश्री भोसरीच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीच्या क्वालिटी खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. गिऱ्हाइकाकडून परत आलेला पार्ट हातात घेऊन दोष कुठे शिरला ते शोधायचं, हे त्यांचं काम. नव्या पोरांना त्या सांगायच्या, “आधी पार्टला विचारा, माणसांना मग.” नवरा गेल्यापासून त्यांच्याकडे वेळ भरपूर होता आणि निशिगंधावर जीवही होता.

म्हणून त्यांनी पट्टीसकट तिचा डबा पिशवीत टाकला. निघताना त्या स्वयंपाकघरात डोकावल्या. सुमनताई, निशिगंधाच्या सासूबाई, पाटावर बसून मेथी निवडत होत्या.

“सुमनताई, तुम्ही पाहिलंत का हो हा डबा कुणी हाताळताना?”

“मला काय कळतंय बाई त्यातलं,” सुमनताई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

“परवापासून जेवत नाहीयेत नीट,” दाराशी निशिगंधा हळूच म्हणाली. “विचारलं तर म्हणतात, पित्त झालंय.”

आकुर्डीतलं निरंजनचं कॉम्प्युटरचं दुकान रविवारीही दुपारपर्यंत उघडं असायचं. पट्टी त्याच्याकडूनच घेतली होती. विजयश्रींनी ती काउंटरवर ठेवताच त्यानं उचलली आणि त्याचा चेहरा पडला.

“काकू, ही माझी नाही. देवाशप्पथ.”

“कशावरून?”

“ही खालची सोनेरी कड बघा. हिला दोन खाचा आहेत. मी दिली तिला एकच होती.” त्यानं फडताळातून तसलीच नवी पट्टी काढून शेजारी ठेवली. “दिसायला जुळ्या बहिणी. लांबी तीच, रुंदी तीच. पण एक खाचवाली ती नवी, वेगवान जात, एनव्हीएमई. दोन खाचवाली जुनी, साटा. ताईंच्या लॅपटॉपला फक्त नवीच कळते. जुनी त्याच्यात बसते, पण लॅपटॉप तिला ओळखत नाही.”

“आणि नवी पट्टी जुन्या लॅपटॉपमध्ये घातली तर?”

“काही जुन्या लॅपटॉपच्या खोबणीत मधे दांडी असते. तिथे नवी शिरतच नाही. जोर केला तर मोडेल. म्हणून तर मी ताईंना म्हटलं होतं, लॅपटॉपचा नंबर आधी पाठवा, मग पट्टी सांगतो.”

त्यानं ती दोन खाचांची पट्टी एका छोट्या डबीत बसवून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. क्षणभर बघत राहिला.

“गंमत आहे. वर्षानुवर्षं वापरलेली आहे, पण तब्येत ठणठणीत. आतलं सगळं पुसून टाकलंय. काकू, मला फसवायचं असतं तर मी मेलेली पट्टी टाकली असती. चांगली कशाला वाया घालवू?”

विजयश्री डबा न्याहाळत होत्या. पट्टी ज्या प्लास्टिकच्या खाचेत बसते तिच्या कोपऱ्यात काहीतरी लालसर अडकलं होतं. त्यांनी केसातली पिन काढून ते अलगद बाहेर ओढलं.

तांदळाचा तुकडा होता. कुंकवानं माखलेला.

“दुकानात पूजा करतोस का रे मालाची?”

“उदबत्ती लावतो फक्त. तांदूळ सांडले तर उंदीर येतात.”

३

इमारतीत परतल्यावर विजयश्री आपल्या घरी न थांबता तिसऱ्या मजल्यावर गेल्या. सलिल, हिंजवडीच्या कंपनीत नोकरी करणारा मुलगा, गुरुवारी संध्याकाळी तो डबा बघायला घेऊन गेला होता, असं निशिगंधानं सांगितलं होतं. “त्याला अगदी हीच पट्टी हवी होती, काकू. सारखा म्हणत होता, मस्त आहे, मस्त आहे.”

सलिल अर्ध्या चड्डीत दार उघडून ओशाळला. प्रकरण कळल्यावर तर तो घाबरलाच.

“मी नेली होती, पण लगेच दिली परत. माझ्यात बसते का ते मोजायला नेली होती.”

“मग बसली?”

“कुठलं! माझा लॅपटॉप एवढा बारीक, की त्यात आखूड पट्टी लागते. ही लांब. स्क्रूचं भोकच नाही तेवढ्या अंतरावर. थांबा, फोटो आहे माझ्याकडे. मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता, शिव्या घालत.”

फोटोत निळ्या स्टिकरची पट्टी होती, शेजारी प्लास्टिकची फूटपट्टी. विजयश्रींनी फोटो बोटांनी मोठा केला. सोनेरी कडेला खाच एकच.

म्हणजे गुरुवारी संध्याकाळपर्यंत खरी पट्टी डब्यात होती. निरंजन सुटला. सलिलला ती उपयोगाचीच नव्हती, आणि त्याच्याकडे जुन्या जातीची पट्टी कधी नव्हतीच. तोही सुटला. डबा नंतर निशिगंधाच्या घराबाहेर गेला नव्हता.

विजयश्री जिना उतरून निशिगंधाच्या घराकडे निघाल्या. परक्याचा दोष शोधणं सोपं. हा दोष घरातला होता, आणि त्या घरात माणसं होती तीन: निशिगंधा, तिचा नवरा ज्योतीराम आणि सुमनताई.

निशिगंधा दारातच उभी होती. तिनं त्यांचा चेहरा वाचला.

“काकू, मला माहीत आहे तुम्ही काय सांगणार आहात,” ती म्हणाली. “गेल्या आठवड्यात हे मला म्हणाले होते, आईला एकटं टाकून तुझी नोकरी कशी जमायची? मी भांडले. त्यावर हे काहीच बोलले नाहीत. आणि परवापासून माझ्या नजरेला नजर देत नाहीयेत.”

“निशिगंधा, अजून कशाचाच—”

“यांच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे,” ती म्हणाली. “कंपनीनं भंगारात काढलेला, यांनी विकत घेतलेला. रोज रात्री त्याच्यावर बसायचे. दोन दिवस झाले, त्याला हात लावला नाही. विचारलं तर म्हणाले, बिघडलाय.”

४

ज्योतीराम दुपारी ओव्हरटाइम करून कंपनीच्या बसनं आला. चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला होता. उंच, अबोल गडी; लातूरकडचा. मशीन बंद पडलं की सगळे त्याला शोधत, आणि मशीन सुरू झालं की तो कुणाला सापडत नसे. टेबलावरचा उघडा लॅपटॉप, बायकोचा चेहरा आणि खालच्या काकू, हे तिन्ही त्यानं एकदमच पाहिलं. बूट काढायला तो जरा जास्तच वेळ खाली वाकून राहिला.

“ज्योतीराम, तुझा लॅपटॉप बघू का?” विजयश्रींनी विचारलं.

“बिघडलाय काकू तो.”

“मग तर बघूच.”

त्यानं कपाटावरून लॅपटॉप काढून दिला. निशिगंधानं स्क्रू सोडवले. तिनं एकही स्क्रू खाली पडू दिला नाही. झाकण निघालं. आत पट्टीची खोबण होती, खोबणीत मधे बारीक दांडी होती, आणि खोबण रिकामी होती.

खालच्या रस्त्यावर भंगारवाल्याचा भोंगा वाजत गेला.

“तुमचीच आहे ही पट्टी,” निशिगंधा म्हणाली.

“व्हय.”

“तुम्ही बदललीत.”

“मीच बदलली.” ज्योतीराम भिंतीकडे बघत म्हणाला. “माजी चूक झाली. काय बोलायचं ते बोल.”

“नोकरी नको होती तर तोंडानं सांगायचं होतंत!” तिचा आवाज फाटला. “माझ्या पाठीमागे हे असं? मी काय तुमची शत्रू आहे?”

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. निशिगंधा आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेची चेन.

ज्योतीराम जागचा हलला नाही. विजयश्री त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी उभ्या आयुष्यात कबुलीजबाब पुष्कळ ऐकले होते. दोषाशी न जुळणारा कबुलीजबाब त्यांना लगेच ओळखू येई.

५

“निशिगंधा, बाहेर ये,” त्यांनी दारावर टकटक केली. “बॅग भरायची तर नंतर भर. आधी माझं ऐकून घे. हा खोटं बोलतोय.”

दार किलकिलं झालं.

“काकू, जाऊ द्या,” ज्योतीराम म्हणाला.

“तू गप रे.” विजयश्री खुर्ची ओढून बसल्या. “चोरी कोण करतं? ज्याला वस्तू हवी असते तो. नवी पट्टी ह्याच्या लॅपटॉपमध्ये शिरूच शकत नाही, मधे दांडी आहे. म्हणजे वापरायला घेतलेली नाही. बरं, तुझं काम बिघडवायला घेतली म्हणावं, तर पट्टी नुसती काढून घेतली असती तरी पुरलं असतं. रिकामा डबा, आणि दोष दुकानदाराचा. हा काय करतो? स्वतःच्या चालत्या लॅपटॉपची पट्टी काढतो, तिच्यातलं सगळं पुसतो आणि तुझ्या डब्यात ठेवतो. काय होतं रे त्या पट्टीत?”

ज्योतीराम आपल्या लॅपटॉपचे सुटे स्क्रू गोळा करायला लागला.

“यांचा ऑटोमेशनचा क्लास,” दाराआडून निशिगंधा हळू म्हणाली. “मशीनचे प्रोग्रॅम लिहायला शिकत होते. सगळा सराव त्यातच होता. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे.”

“म्हणजे चोरी करून चोरच भिकेला लागला. ह्याला चोरी म्हणत नाहीत, बाळ. भरपाई म्हणतात. कुणाच्या तरी हातून तुझी पट्टी खराब झाली, आणि ह्यानं गुपचूप आपली दिली. बरोबर?”

“मला वाटलं चालंल,” ज्योतीराम पुटपुटला. “लांबी-रुंदी तीच. तुझ्या लॅपटॉपमदी घालून बघितली, बसली. चालू करून बघायला येळ न्हाई मिळाला, तू बाजारातून आलीस.”

“पण मग खराब कुणी केली?” निशिगंधा आता पूर्ण बाहेर आली होती.

विजयश्रींनी रुमालाची घडी उलगडली. तो लालसर तांदळाचा तुकडा टेबलावर ठेवला.

“हा डब्यात होता. गुरुवारी नव्हता, कारण दुकानात अक्षता नसतात आणि सलिलच्या घरी देवही नाहीत. मधला शुक्रवार. शुक्रवारी देवीची पूजा ह्या घरात कोण करतं?”

निशिगंधाची नजर स्वयंपाकघराकडे गेली.

विजयश्री उठून आत गेल्या. सुमनताई ओट्याला धरून उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विजयश्री अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “नवी वस्तू घरात आली की कुंकू लावायचंच असतं हो. मीही लावते. पुढं काय झालं?”

सुमनताईंचा बांध फुटला.

६

देवघराच्या कप्प्यातून सुमनताईंनी खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली पट्टी काढली. निळं स्टिकर होतं. कडेला कुंकवाचा ओघळ वाळला होता.

“देवीपुढं ठिवली, बोटानं कुकू लावलं, अक्षता टाकल्या,” त्या हुंदके देत म्हणाल्या. “माझ्यापायी ह्या लेकरानं नोकरी सोडली. माझं हागणं-मुतणं काढलं हिनं. देवीला म्हनलं, माय, हिचं काम हुं दे. मग कुकू वघळलं आत. म्या म्हनलं पुसावं, तर जास्तच पसरलं. मग नळाखाली धरली अन् धुतली. ज्योती आला, त्यानं बघितलं अन् कपाळाला हात लावला. म्याच त्याला शपथ घातली, हिला सांगू नगंस म्हनून.”

“पण का, आई?”

“तू म्हनशील, सासूनं मुद्दाम केलं. नोकरी नगं म्हनून केलं.”

निशिगंधा त्यांच्याकडे बघतच राहिली. विजयश्रींना वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही, चिडली.

“दोन वर्षं मी तुमची वेणी घालतेय रोज. आणि मी असं म्हणेन, हे तुम्हाला वाटलं तरी कसं? पट्टीचं मला काही नाही. ह्याचा मला राग आलाय.”

“व्हय ग माय. चुकलंच.”

“आणि तुम्ही!” ती नवऱ्याकडे वळली. “मी तुम्हाला काय काय बोलले. नुसते ऐकून घेत होतात?”

“आईची शपथ व्हती,” ज्योतीराम म्हणाला. “अन् नोकरीचं मी नको म्हनून न्हाई बोललो. कसं जमवायचं, ते इचारत व्हतो. मला नीट इचारता येत न्हाई.”

विजयश्रींनी त्यांना तसंच सोडलं नाही. पट्टीचं काय, ते अजून राहिलं होतं. पाण्यात भिजली तेव्हा ती कशालाच जोडलेली नव्हती. तिच्यात वीज नव्हती. मग ती मेलीच असेल असं कुणी ठरवलं? त्यांनी निरंजनला फोन केला, दुकान बंद करू नकोस म्हणून. ज्योतीराम आणि निशिगंधा मोटारसायकलवर, विजयश्री मागोमाग रिक्षानं.

निरंजननं ती पट्टी बघून आधी हात जोडले. मग मऊ ब्रश, कापूस आणि स्पिरिट घेऊन तिची सोनेरी कड आणि चिप्सच्या फटी साफ केल्या. पार लाल झालेले बोळे काउंटरवर जमत गेले. गार वाऱ्याच्या झोतानं त्यानं ती बराच वेळ वाळवली आणि निशिगंधाच्या लॅपटॉपमध्ये बसवली. चौघांनी पडद्याकडे मान वाकवली.

पडद्यावर पट्टीचं नाव उमटलं.

“आली!” निशिगंधा ओरडली, आणि भर दुकानात तिनं ज्योतीरामचा दंड घट्ट धरला. तो लाजून पंख्याकडे बघायला लागला.

“एवढ्यावर आठ-दहा वर्षं चालेल,” निरंजन म्हणाला. “पुन्हा आंघोळ घालू नका म्हणजे झालं.”

दोन खाचांची पट्टी ज्योतीरामच्या लॅपटॉपमध्ये परत गेली. ती रिकामी होती. पुसलेलं परत आलं नाही. क्लासचा सराव त्याला पहिल्यापासून करावा लागला. निशिगंधानं तिचं मॉडेल मंगळवारी दुपारीच पाठवलं आणि त्या रात्रीपासून ती त्याच्यासमोर बसून त्याच्या प्रोग्रॅमच्या आकृत्या स्वच्छ काढून द्यायला लागली. परीक्षेत तो निघाला, फार वरच्या नंबरानं नाही, पण निघाला.

नोकरीचा फोन मॉडेल पाठवलं त्याच आठवड्यात, शुक्रवारी आला. आठवड्यातून दोन दिवस चाकणला जायचं, बाकी घरून. ते दोन दिवस कसे जमवायचे यावर घरात बैठक बसली, आणि तिला विजयश्रींनाही बोलावणं आलं. ज्योतीरामनं वहीतून वाचल्यासारखं बोलायला सुरुवात केली, तो शिफ्ट बदलून घेईल, सकाळी हे करेल, दुपारी ते करेल. सुमनताईंनी त्याला मधेच थांबवलं.

“मला पांगळी समजू नगंस. ह्या बाई हायत की खाली. दुपारचं मी त्यांच्याकडं जाईन काठी टेकत.”

“आणि जिना?” निशिगंधानं विचारलं.

“जिना मी चढेन वर,” विजयश्री म्हणाल्या. “दुपारी मला तरी कोण आहे बोलायला?”

सुमनताईंनी त्यांचा हात हातात घेतला. मग सुनेकडे वळून विचारलं, “तुज्या हाफिसात डबा न्हेऊ देतात ना? का त्ये बी इचारावं लागंल?”